हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायची कुणी?

वनरूमकिचन (धागाकर्ती)

गेले चार महिने आम्ही पुण्यात घर बघतोय. म्हणजे शनिवार-रविवार. नवरा गाडी चालवतो, मी ब्रोशरं वाचते आणि मागच्या सीटवरून सासूबाई प्रत्येक साइटवर एकच प्रश्न विचारतात, "इथे भाजी कुठे मिळते?" परवा ब्रोशरांची रद्दी घातली. दीड किलो भरली. चकचकीत कागदाला भाव नाही म्हणून रद्दीवाल्याने तोंड वाकडं केलं ते वेगळंच.

तर मुद्दा असा की आता प्रकल्पाचं नाव झाकून ब्रोशर हातात दिलं, तर ते बावधनचं की वाघोलीचं की पुनावळ्याचं हे मला सांगता येणार नाही. सगळीकडे "निसर्गाच्या कुशीत" आणि "शहराच्या हृदयात", बऱ्याचदा एकाच पानावर. सगळीकडे "वर्ल्ड क्लास". आणि "लक्झुरियस" तर वन बीएचकेसुद्धा! ३९२ चौरस फुटांत लक्झरी ठेवायची कुठे, फ्रीजवर?

बावधनच्या एका साइटवर भिंतभर लिहिलं होतं, "मेट्रो हाकेच्या अंतरावर". सेल्सवाला मुलगा म्हणाला, वनाज स्टेशन सात मिनिटं, मॅडम. आम्ही तिथूनच गाडी काढली. रविवारी सकाळी अकराला, चांदणी चौक ओलांडून एकोणीस मिनिटं लागली. सात मिनिटं बहुतेक रात्री दोनची असावीत, आणि तेव्हा मेट्रो बंद असते.

पण खरी मजा "४०+ अमेनिटीज"ची. एका ब्रोशरमधल्या मी ओट्याजवळ बसून मोजल्या. त्रेचाळीस भरल्या, खोटं नाही. त्यात लिफ्ट होती. लेटरबॉक्स होता. इंटरकॉम, नावांची पाटी, सिक्युरिटी केबिन, "ग्रँड एन्ट्रन्स गेट" (म्हणजे फाटक), आग विझवायची यंत्रणा आणि "सेल्फी पॉइंट". नवरा म्हणाला, जिना राहिला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ब्रोशरमध्ये तोही मिळाला, "वाइड स्टेअरकेस".

तुम्हाला भेटलेले असे शब्द इथे टाका. बिल्डरचं नाव नको, शब्द पुरे.

टेकडीवाला

माझा शब्द : "अनइंटरप्टेड हिल व्ह्यू". २०१६ साली त्याच्यासाठी मजल्याचे आणि दिशेचे मिळून तीन लाख जास्त मोजले. पाच वर्षं टेकडी दिसली. बायको पावसाळ्यात गॅलरीत बसून भजी खायची. मग शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहिला. आता समोरच्या काकांचा टॉवेल दिसतो. निळा आहे.

भांडायला गेलो तेव्हा वकिलांनी करारनामा उघडून चतुःसीमा वाचून दाखवली. पूर्वेस : इमारतीची मोकळी जागा. पश्चिमेस : जिना व फ्लॅट नंबर ७०३. टेकडी कुठेच नाही. तीन लाख मात्र "एकूण मोबदला" या दोन शब्दांत गुपचूप जाऊन बसले होते.

झाकणझुला

खिक्क! टेकडीवाले, आयडी बदला आता. टॉवेलवाला.

माझी भर :
झपाट्याने विकसित होणारा परिसर – रस्ता अजून व्हायचाय.
कॉम्पॅक्ट – पाहुणा आला की कुणीतरी खाली जायचं.
अँफीथिएटर – तीन पायऱ्या.
सीनियर सिटिझन झोन – दोन सिमेंटची बाकडी, उन्हात.
रिफ्लेक्सॉलॉजी पाथवे – उरलेली खडी.
जॉगिंग ट्रॅक – फायर ब्रिगेडची गाडी फिरायला सोडलेला रस्ता, लाल रंग मारून.

मुलुंडची_माई

पुणेकरांनो, तुमच्याकडे निदान गावाची नावं तरी शाबूत आहेत. आमच्याकडे भूगोलच विकायला काढलाय. वडाळ्याला न्यू कफ परेड म्हणतात, लोअर परळमध्ये राहून पत्ता अपर वरळी सांगतात आणि भिवंडीच्या वाटेवर अपर ठाणे आहे. आमच्या लहानपणी "लोअर" लागलं की लोक नाक मुरडायचे म्हणून बहुतेक सगळेच आता वर चढलेत. आमच्या आत्या गिरणगावात चाळीत वाढल्या. त्यांना आता त्याच गल्लीचं होर्डिंग वाचून दाखवलं की विचारतात, "हे कुठे आलं गं?"

जाता जाता, पुण्यात पण "कोथरूड ॲनेक्स" वाचलंय मी. ॲनेक्स म्हणजे नक्की किती किलोमीटरपर्यंत?

चिंचवडी_मोरया

@माई, ॲनेक्स म्हणजे जिथपर्यंत कोथरूडचा दर लावता येतो तिथपर्यंत.

ओसी_बघा_आधी

वनरूमकिचन ताई, धागा छान, पण एक वाचून डोक्याला हात लावला. ब्रोशर रद्दीत घातलीत? अहो, तोच पुरावा!

रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर अंकुश ठेवणाऱ्या २०१६च्या कायद्याच्या, कलम १२ मध्ये सरळ लिहिलंय : जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून तुम्ही पैसे भरले आणि त्यात तुमचं नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत. फक्त अडचण ही, की "विधान" सिद्ध करता आलं पाहिजे. "क्लब हाऊस ४००० चौरस फूट" हे विधान आहे. "जगण्याचा उत्सव" हे विधान नाही, त्यावर कुठलंही न्यायाधिकरण भरपाई देणार नाही. पान भरून विशेषणं आणि एकही आकडा नाही, हा निष्काळजीपणा नसतो हो. ते वकिलाने वाचून पास केलेलं असतं.

दुसरं. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (त्या कायद्याचं आपल्या राज्यातलं प्राधिकरण) जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केलाय. मोबाइल धरा, प्रकल्पाचं अधिकृत पान उघडतं. तिथे मंजूर नकाशे दिसतात, कोर्टकज्जे दिसतात आणि पूर्णत्वाची तारीख दिसते. आता होर्डिंग बघा : "पझेशन डिसेंबर २०२६". आणि सेल्स ऑफिसात हळूच सांगतात, "ते आमचं टार्गेट पझेशन, रेरा पझेशन २०२९." म्हणजे तारखाही दोन, एक घेणाऱ्याला दाखवायची आणि एक कायद्याला. उशीर झाला तर व्याज कुठल्या तारखेपासून धरतात, ते करारनाम्यात काय लिहिलंय त्यावर.

तिसरं, तुमच्या त्रेचाळीस अमेनिटीजमधलं अग्निशमन वगळा, ते कायद्याने करावंच लागतं. पावसाच्या पाण्याचं पुनर्भरणही बहुतेक मोठ्या प्लॉटना सक्तीचंच आहे. "भूकंपरोधक रचना" असेल तर तीही वगळा, भारतीय मानकांप्रमाणे ती असायलाच हवी. उद्या हॉटेलवाला "आमच्याकडे ताट धुतलेलं असतं" असं मेनूकार्डावर लिहील.

वनरूमकिचन

अरे देवा. रद्दीवाला केव्हाच गेला. पुढचं ब्रोशर फायलीत, शपथ.

नवखा७७

भाबडा प्रश्न : "युजेबल कार्पेट" म्हणजे काय? रेरा आल्यावर सुपर बिल्ट-अप (जिना-लिफ्टची सामायिक जागा धरून फुगवलेलं क्षेत्रफळ) संपलं ना?

ओसी_बघा_आधी

नाव संपलं, खोड संपली नाही. माझ्या भाच्याचं उदाहरण देतो. त्याला सांगितलं ७२० युजेबल. फोड मागितली तेव्हा कार्पेट ६१८, बाल्कनी ६२, ड्राय बाल्कनी ४०. रेराच्या व्याख्येत कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा. आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. त्यामुळे करारनाम्यात आकडा येतो ५७.४१ चौरस मीटर. १०.७६४ ने गुणा, तेच ६१८. चौरस मीटर बघून माणूस गडबडतो आणि मनातल्या मनात ७२०च धरून बसतो. बाल्कनी मिळत नाही असं नाही, मिळते. पण दोन प्रकल्पांचा दर ताडून बघताना एकाचा ७२०वर आणि दुसऱ्याचा कार्पेटवर काढलात की फसलात.

दोन_शून्य_कमी

"ऑल इन्क्लुझिव्ह"वर कुणीच बोललं नाही? की सगळे श्रीमंत आहेत इथे?

होर्डिंगवर "८९ लाख* पासून". त्या फुलीकडे आणि "पासून"कडे लक्ष द्या. "पासून" म्हणजे पहिला मजला, कचऱ्याच्या खोलीकडे तोंड, आणि तो फ्लॅट कालच गेलेला असतो. तरी धरून चालू की मिळाला. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख ४५ हजार. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख २३ हजार (बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर एक टक्का कमी). नोंदणी फी ३० हजार. बेरीज ९९ लाख ९८ हजार. कोटीला दोन हजार कमी! अजून मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, वकील, वीज मीटर, "इन्फ्रा चार्जेस" यातलं काहीच धरलेलं नाही.

आणि "फ्री ओपन पार्किंग". रेरात उघडी पार्किंगची जागा सामायिक जागेत मोडते, ती विकताच येत नाही. जे विकता येत नाही ते फुकट देतात, काय दानत!

पनवेलचा_पन्हाळा

२०११ साली "एअरपोर्ट टच" वाचून घर घेतलं. नवी मुंबईचा विमानतळ "येत्या दोन वर्षांत" होता. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं. मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आता इंजिनिअरिंगला आहे. तक्रार नाही, घराचा भाव चढला. पण जाहिरातीतल्या "प्रस्तावित" या शब्दाला मी आता हात जोडतो. प्रस्तावित मेट्रो, प्रस्तावित रिंग रोड, प्रस्तावित शाळा. पैसे तेवढे प्रस्तावित देऊन बघा म्हणावं.

पाटी_लिहिणारा

बराच वेळ वाचनमात्र होतो, पण आता कबुलीजबाब देतो. हे शब्द मी लिहितो. पंधरा वर्षं एजन्सीत आहे, निम्मी कामं बिल्डरांची.

आमची अडचण समजून घ्या. मला ब्रीफ येतं तेव्हा जागेवर एक पत्र्याचं कुंपण आणि एक जेसीबी असतो. वस्तूच नाही! आणि कागदावरचीही शेजारच्या प्रकल्पासारखीच : तीच आठशे बाय आठशेची टाइल, तोच ग्रॅनाइटचा ओटा, तेच नळ. वेगळं काय लिहू? मग "क्युरेटेड लिव्हिंग" लिहितो. मला विचाराल तर त्याचा अर्थ मलाही माहीत नाही.

आता एक आतली गोष्ट. घराला काय म्हणायचं ते भावावर ठरतं. सगळ्यात स्वस्त असेल तर "हक्काचं घर". हे मराठीतच आणि फोटोत आई-बाबा-दोन मुलं. थोडं वर गेलं की "होम्स". त्याच्या वर "रेसिडेन्सेस". आणखी वर "सिग्नेचर" आणि "बुटीक", आणि फोटोत पाठमोरी एकटी बाई, हातात कॉफी, माणसं नाहीत. एकदा चांगल्या महागड्या प्रकल्पाला मी "प्रशस्त, हवेशीर, उजेडाची घरं" असं लिहून नेलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. क्लायंट म्हणाला, "छान आहे, पण मराठीत लिहिलं की अफोर्डेबल वाटतं." आणि "अफोर्डेबल" हा शब्द तो शिवीसारखा उच्चारतो.

खरी मेहनत शेवटच्या पानावर असते. मुंगीएवढ्या टायपातला "चित्रे केवळ कल्पनात्मक" वगैरे मजकूर. तो वकील लिहितो. संपूर्ण ब्रोशरमध्ये विशेषण नसलेला तेवढा एकच परिच्छेद असतो, तेव्हा वाचायला घेतलंत तर तिथून सुरू करा.

झाकणझुला

@पाटी_लिहिणारा, दंडवत. आणि "टाउनशिपमध्ये हंस" पण तुमचेच का? आमच्या ब्रोशरमध्ये तळ्यात दोन हंस होते. तळं झालंय. हंसांच्या जागी डास आहेत.

पाटी_लिहिणारा

हंस थ्रीडी वाल्याचे. माझ्याकडे फक्त शब्दांचं खातं.

लेस्टरकर

इंग्लंडातही हाच तमाशा आहे. "बिजू" म्हणजे खुराडं, "कॅरॅक्टर" म्हणजे छत गळतं, "मेहनतीला वाव" म्हणजे आत पाऊल टाकू नका. गंमत म्हणजे इथे घराच्या खोट्या वर्णनासाठी १९९१ साली स्वतंत्र कायदाच केला होता. २०१३ मध्ये तो रद्द करून ग्राहकसंरक्षणाच्या सर्वसाधारण नियमांत विलीन केला. त्यावर एजंटांनी शोधलेला उपाय : खोटं बोलायचंच नाही, खरं गाळायचं. रेल्वे लाइन फोटोच्या चौकटीबाहेर ठेवली की झालं. आमच्या घराची अशीच कळली, पहिल्या रात्री.

सिंहगडरोडी

"रिव्हर फेसिंग" राहिलंच की. नदी म्हटलं की ब्रोशरमध्ये निळं पाणी आणि होडी. आमच्याकडे उन्हाळ्यात वास, पावसाळ्यात धडकी. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घराघरात शिरलं, तेव्हा नदीच आमच्याकडे तोंड करून आली. घर बघायला जाल तेव्हा व्ह्यू विचारू नका, निळी रेषा विचारा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. सेल्सच्या पोराला माहीत नसेल तर महापालिकेच्या नकाशावर बघा. ते पोर बिचारं तरी काय करणार, मागच्याच महिन्यात मोबाइल विकत होतं.

अनामिका_जोशी_नाही

सगळे हसताय म्हणून एक न हसण्यासारखं लिहिते. "लाइक-माइंडेड कम्युनिटी", "सुसंस्कृत शेजार", "फॅमिली क्राउड". ह्या शब्दांचा अर्थ मला फोनवर कळतो. मी एकटी राहते, मासे खाते आणि आडनाव सांगितलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो. मग "मॅडम, तो फ्लॅट आत्ताच गेला". गेल्या वर्षी मी चर्चगेट लाइनवर अकरा फ्लॅटसाठी फोन केले, आठ "आत्ताच गेले" होते. त्यातल्या एकाला ऑफिसातल्या मैत्रिणीने अर्ध्या तासाने फोन केला, तिला दोनपैकी कुठला बघायचा ते विचारलं. जाहिरातीत कुणी "अमुक नको" लिहीत नाही. छान छान शब्दच लिहितात.

(आयडी ह्याच कारणाने घेतलाय.)

मुलुंडची_माई

@अनामिका, वाचून गप्प झाले. आमच्या बिल्डिंगमध्ये मीटिंगला "सोसायटीचं वातावरण" असे शब्द निघतात तेव्हा मीही मान डोलावलीय. पुढच्या वेळी विचारीन, म्हणजे काय म्हणून.

गप्पिष्ट_गण्या

प्रतिसाद काढून टाकला आहे.

देखरेख

वरचा एक प्रतिसाद हलवला आहे. आहारावरून भांडायला वेगळे धागे आहेत, हा घरांच्या जाहिरातींचा राहू द्या.

वनरूमकिचन

सगळ्यांचे आभार. परवा परत गेलो होतो, ह्या वेळी टेप घेऊन. सॅम्पल फ्लॅटचं सांगते.

आत गेल्यावर पहिल्यांदा प्रशस्त वाटतंच, आणि का ते दहा मिनिटांनी कळलं. दारं नाहीत. एकाही खोलीला. "मोकळेपणा यावा म्हणून काढलीत", असं उत्तर मिळालं. मास्टर बेडरूममध्ये एक भिंत पूर्ण आरशाची. पलंग मोजला : लांबी पाच फूट चार इंच. नवरा पाच फूट दहा. तो त्यावर आडवा झाला, पाय बाहेर, आणि सेल्सवाल्या मुलीला हसू आवरेना. मग कपाट. खोली चौदा इंच! हँगर आडवा जात नाही, निदान बावीस-चोवीस इंच लागतात. उघडून बघेपर्यंत कुणाला कळणार? सासूबाईंनी उघडलं. आत फक्त एक चिकटवलेली टोपी होती.

बेडरूममध्ये खऱ्या मापाचा पलंग आणि खरं कपाट टाकून बघितलं (जमिनीवर टेपने खुणा करून), तर मध्ये चालायला सोळा इंच उरतात. म्हणजे आडवं चालायचं.

मग मी ओसी_बघा_आधी यांचं ऐकून त्या मुलीला व्हॉट्सॲप केलं : मेट्रो सात मिनिटं, क्लब हाऊसचं क्षेत्रफळ आणि पझेशनची तारीख, एवढं तीन ओळींत लिहून पाठवा, ब्रोशरमधलंच आहे. दोन निळ्या टिका आल्या. आज तिसरा दिवस.

ओसी_बघा_आधी

स्क्रीनशॉट ठेवा. आणि टोकन देऊ नका. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर मागताच येत नाही, पण "फक्त आजच्यापुरती ऑफर" म्हणून लाखभर आधीच काढून घेतात.

वनरूमकिचन

टोकन नाही दिलं. उलट एक गंमत. काल रात्री कर्वेनगरमधली एक जाहिरात दिसली, मालकाने स्वतः टाकलेली. पूर्ण मजकूर इथे देते : "कृष्णकुंज सोसायटी. २ बीएचके, कार्पेट ५९०. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पाणी सकाळी दोन तास. हॉलला दुपारी ऊन येतं. खाली भाजीवाला बसतो." बस. एक विशेषण नाही.

सकाळी जाऊन आलो. सगळं लिहिल्याप्रमाणेच निघालं. ऊनसुद्धा होतं. सासूबाई खालच्या भाजीवाल्याशी दहा मिनिटं बोलल्या, मेथीची जुडी घेतली, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा धरून बसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलणारी जाहिरात भेटली आणि घर चालणार नाही.

टेकडीवाला

अरेरे. पण दुपारी ऊन येतं हे लिहिणारा माणूस भेटला हेच खूप. त्याला माझा नमस्कार सांगा.

पाटी_लिहिणारा

मालकांचा नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवा. "लिफ्ट नाही"चं "डेली वेलनेस स्टेअर्स" करून देतो, दर चौरस फुटाला पाचशे वाढतील.

हलके घ्या.